खडी, मुरूम आणि खुब्याचे हाड

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला चेंडूसारखा गोल माथा असतो आणि तो कमरेच्या हाडातील खोलगट वाटीत बसलेला असतो. हा खुब्याचा सांधा. उखळीच्या सांध्याचे उदाहरण म्हणून आपण तो वर्गात सांगतो, आकृती काढून घेतो आणि पुढच्या सांध्याकडे वळतो. परंतु या सांध्याला काम किती पडते, हे सहसा सांगायचे राहून जाते.

चालताना प्रत्येक पावलाला शरीराचा भार क्षणभर एकाच पायावर येतो. त्या क्षणी शरीर दुसऱ्या बाजूला कलंडू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू ओढ लावतात. ही एक तरफच आहे. खुबा हा टेकू, एका बाजूला शरीराचे वजन आणि दुसऱ्या बाजूला स्नायूंची ओढ. वजनाची भुजा लांब आणि स्नायूंची भुजा तिच्या निम्म्याच्या आसपास, म्हणून स्नायूंना वजनाच्या सुमारे दुप्पट बल लावावे लागते. टेकूवर येतो तो या दोहोंच्या बेरजेचा भार. म्हणजे ५० किलो वजनाच्या माणसाच्या खुब्यावर साधे चालतानाही सव्वाशे ते दीडशे किलोचा भार येतो. हिंडता-फिरता माणूस एका पायावर वर्षाला दहा लाखांच्या आसपास पावले टाकतो. हे गणित विद्यार्थ्यांकडून अवश्य करून घ्यावे.

असा सांधा झिजला किंवा माथ्याचा रक्तपुरवठा तुटून तो खचला, तर कृत्रिम सांधा बसवता येतो, हे आता आपल्याकडे बहुतेकांना माहीत आहे. पण हा कृत्रिम सांधाही काही वर्षांनी सैल होऊ शकतो आणि शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागते, हे तितकेसे माहीत नसते. या दुसऱ्या वेळी खरी अडचण धातूची नसते, हाडाची असते. नवा सांधा रोवायला जागेवर पुरेसे हाडच उरलेले नसते. ही अडचण कशी सुटत गेली, त्याचा हा इतिहास. त्यात शल्यचिकित्सक तर आहेतच. पण यंत्रमागाच्या दातेरी चाकांचा एक विक्रेता आहे आणि मातीची बळकटी मोजणारे अभियंतेही आहेत.

हस्तिदंत ते पॉलिथिलीन

बर्लिनचे थेमिस्टोक्लिस ग्लूक यांनी १८९१ च्या सुमारास हस्तिदंताचा सांधा बसवून पाहिला. १९३८ मध्ये लंडनच्या फिलिप वाइल्स यांनी माथा आणि वाटी दोन्ही न गंजणाऱ्या पोलादाची केली. हे प्रयत्न फार काळ टिकले नाहीत. आजच्या खुबारोपणाचा पाया घातला तो इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयाचे जॉन चार्न्ली यांनी.

चार्न्ली यांनी तीन गोष्टी एकत्र आणल्या. धातूचा माथा त्यांनी मुद्दाम लहान, सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा ठेवला. माथा लहान म्हणजे घर्षणामुळे वाटीला बसणारा पीळही लहान. वाटी त्यांनी प्लास्टिकची केली. आणि दोन्ही भाग हाडात बसवायला अॅक्रिलिक सिमेंट वापरले. हे सिमेंट डिंकासारखे चिकटत नाही, हे येथे लक्षात ठेवावे, कारण पुढे याचीच गरज लागणार आहे. हाडाच्या आतला भाग मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र असतो. सिमेंट मऊ असताना त्या छिद्रांत शिरते आणि कडक झाले की तेथे अडकून बसते.

वाटीसाठी त्यांनी आधी टेफ्लॉन निवडले होते. टेफ्लॉन अत्यंत गुळगुळीत, पण फार लवकर झिजणारे. सुमारे ३०० रुग्णांना टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्यानंतर हा दोष पुरता उघड झाला. झिजून निघालेल्या भुकटीभोवती शरीरात गाठी धरू लागल्या. चार्न्ली यांनी त्या पदार्थाचे नमुने स्वतःच्या मांडीत घालून घेतले आणि शरीराची प्रतिक्रिया तपासली. ती वाईटच होती.

याच सुमारास, १९६२ मध्ये, एक विक्रेता रायटिंग्टनला आला. लँकेशायरच्या यंत्रमागांसाठी दातेरी चाके ज्या प्लास्टिकची करत, ते तो विकत होता. ते होते मोठ्या रेणुभाराचे पॉलिथिलीन. चार्न्लींना त्यात राम वाटला नाही. पण त्यांचे यंत्रकारागीर हॅरी क्रेव्हन यांनी तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला आणि यंत्र रात्रंदिवस चालू ठेवले. तुकडा झिजेचना! नोव्हेंबर १९६२ पासून पॉलिथिलीनच्या वाट्या रुग्णांना बसू लागल्या आणि ही शस्त्रक्रिया जगभर पसरली. आपल्या देशात ती रुजवण्याच्या कामात मुंबईचे डॉ. के. टी. धोलकिया यांचे नाव आदराने घेतले जाते.

सांधा सैल का होतो?

पॉलिथिलीन टेफ्लॉनपेक्षा कितीतरी पटींनी कमी झिजते, पण झिजतेच. वर्षाला दहा लाख पावले म्हटल्यावर अतिसूक्ष्म कण सुटत राहतात. त्यांतले पुष्कळसे एका मायक्रॉनहूनही लहान, म्हणजे जवळजवळ जिवाणूंच्या आकाराचे. शरीरातील भक्षक पेशी त्यांना जिवाणू समजून गिळतात. जिवाणू पचतो, प्लास्टिक पचत नाही. मग या पेशी रासायनिक संदेश सोडत राहतात आणि त्या संदेशांनी शेवटी जाग्या होतात त्या हाड विरघळवणाऱ्या पेशी. सांध्याभोवतीचे हाड हळूहळू खाल्ले जाते. आधार गेला की सांधा हलू लागतो आणि हलणारा सांधा उरलेले हाड आणखी झिजवतो.

हे कोडे उलगडायला वेळ लागला. पुष्कळ दिवस दोष सिमेंटवर येत होता. १९८७ मध्ये अमेरिकेतील दोघा शल्यचिकित्सकांनी या विकाराला 'सिमेंटचा रोग' असे नावच वापरले. वास्तविक १९७७ मध्येच विलर्ट आणि सेमलिच यांनी झिजेचे कण आणि त्यांच्याविरुद्धची शरीराची प्रतिक्रिया यांकडे बोट दाखवले होते. पुढे सिमेंट न वापरलेल्या सांध्यांभोवतीही हाड विरघळलेले दिसू लागले, तेव्हा सिमेंट एकटेच दोषी नाही हे पटले.

आता शल्यचिकित्सकापुढे काय येते ते पाहा. सैल झालेला सांधा काढल्यावर आत मोठी पोकळी दिसते. मांडीच्या हाडाची नळी पातळ झालेली असते, कोठे भोके पडलेली असतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे पोकळीच्या भिंती गुळगुळीत, चकचकीत झालेल्या असतात. सिमेंटला अडकायला जी छिद्रे लागतात तीच नाहीशी झालेली असतात. पोकळी जास्तीच्या सिमेंटने भरून काढली तर ती पकड पहिल्यापेक्षा लवकर सुटते, आणि प्रत्येक वेळी आणखी थोडे हाड जाते.

हा प्रश्न आपल्या देशात अधिक टोचणारा आहे. पाश्चात्त्य देशांत खुबा बदलण्याचे प्रमुख कारण म्हातारपणाची झीज हे आहे. भारतात माथ्याचा रक्तपुरवठा तुटणे हे मोठे कारण आहे आणि तो विकार ऐन तिशी-चाळिशीत गाठतो. पस्तिसाव्या वर्षी सांधा बदललेल्या माणसाला आयुष्यात दुसरी आणि कदाचित तिसरीही शस्त्रक्रिया लागू शकते. त्याला नुसता नवा सांधा मिळून भागत नाही, गेलेले हाड परत मिळाले पाहिजे.

दुसऱ्याचे हाड

गेलेल्या हाडाच्या जागी दुसरे हाड भरण्याची कल्पना जुनी आहे. १८८० च्या सुमारास ग्लासगोच्या विल्यम मॅकएवन यांनी एका लहान मुलाच्या दंडाचे हाड पुन्हा उभे केले. जंतुसंसर्गाने ते नष्ट झाले होते. मुडदुसाने पाय वाकलेल्या इतर मुलांच्या शस्त्रक्रियांत जे हाडाचे तुकडे निघत, ते आणखी बारीक करून मॅकएवन यांनी त्या मुलाच्या दंडात भरले. हात कामाचा झाला.

पण भरलेले हाड जगते का? जर्मनीचे आर्थर बार्ट यांनी १८९० च्या दशकात दाखवले की त्यातील पेशी बहुतांशी मरतात. मग उपयोग काय? उपयोग सांगाड्याचा. आजूबाजूच्या जिवंत हाडातून रक्तवाहिन्या त्या मृत जाळीत शिरतात. त्यांच्याबरोबर दोन प्रकारच्या पेशी येतात, एक जुने हाड विरघळवणाऱ्या आणि दुसऱ्या नवे हाड रचणाऱ्या. असे करत करत मृत हाडाच्या जागी इंचाइंचाने जिवंत हाड येते. १९१४ मध्ये शिकागोचे डॅलस फेमिस्टर यांनी या क्रियेला दिलेल्या नावाचा अर्थ 'सरपटत होणारी अदलाबदल' असा होतो. वाडा राहता ठेवून त्याची एकेक जुनी तुळई बदलावी, तसे हे काम आहे.

यातून एक अडचणही निघते. दात्याच्या हाडाचा मोठा ठोकळा पोकळीत स्क्रूने बसवला तर पहिल्या दिवशी तो भक्कम असतो. १९७० आणि १९८० च्या दशकांत असे ठोकळे बरेच बसवले गेले. पण रक्तवाहिन्या ठोकळ्याच्या थोड्याच खोलीपर्यंत पोचतात. गाभा मृतच राहतो, आणि मृत हाडाला तडा गेला तर तो बुजवणारे कोणी नसते. काही वर्षांनी यांतले बरेच ठोकळे ढासळू लागले.

उलट, हाडाचा बारीक चुरा केला तर रक्तवाहिन्यांना शिरायला वाटाच वाटा. पण चुऱ्यावर दीडशे किलोचा भार कसा तोलायचा? एकात जीव धरतो पण भार पेलत नाही, दुसऱ्यात भार पेलतो पण जीव धरत नाही.

नायमेखेन आणि एक्सेटर

यातून वाट काढली ती नेदरलँड्समधील नायमेखेन येथील टॉम स्लोफ यांनी. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सच्छिद्र हाडाचे तुकडे खुब्याच्या खराब झालेल्या वाटीत थरावर थर घालून ठोकून बसवायला सुरुवात केली आणि १९८४ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. वाटीच्या भिंतीला भोक असेल तर ते आधी धातूच्या जाळीने बंद करायचे. मग तुकडे भरायचे, अर्धगोल ठोकणीने घणाघात करायचे, पुन्हा तुकडे, पुन्हा ठोकणे. असा घट्ट थर तयार झाला की त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर सिमेंट दाबायचे. सिमेंटला हवी असलेली छिद्रे त्याला पुन्हा मिळाली!

मांडीच्या हाडाच्या नळीत हेच काम १९८७ पासून इंग्लंडमधील एक्सेटर येथे रॉबिन लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. नळीत चुरा ठोकून बसवायचा, मधोमध दांड्याच्या आकाराची जागा ठेवायची, तीत सिमेंट भरून दांडा रोवायचा.

एक्सेटरच्या दांड्याची गोष्टही सांगण्यासारखी आहे. लिंग आणि अभियंते क्लाइव्ह ली यांनी १९७० मध्ये तो तयार केला, तेव्हा तो खाली निमुळता आणि आरशासारखा चकचकीत होता. १९७६ मध्ये त्याचा पृष्ठभाग किंचित खरखरीत करण्यात आला. खरखरीत पृष्ठभाग अधिक घट्ट धरेल असे कोणालाही वाटेल. झाले उलटेच. खरखरीत दांडे अधिक सैल होऊ लागले आणि १९८६ मध्ये पुन्हा चकचकीत दांडा आणावा लागला. चकचकीत निमुळता दांडा सिमेंटमध्ये एक-दोन मिलिमीटर खाली सरकतो आणि पाचरीसारखा आवळून बसतो. कुदळीच्या दांड्यात ठोकलेली पाचर आपण जाणतोच. खालच्या दिशेचा भार ती आडव्या दाबात बदलते. तोच आडवा दाब भोवतालच्या चुऱ्यालाही मिळतो. हा मुद्दा ध्यानात असू द्यावा.

चुऱ्याचे पुढे काय होते, याचा प्रत्यक्ष पुरावा १९९३ मध्ये मिळाला. अशी शस्त्रक्रिया झालेल्या एका रुग्णाचा साडेतीन वर्षांनी अन्य कारणाने मृत्यू झाला आणि ते हाड सूक्ष्मदर्शकाखाली पाहता आले. बाहेरच्या बाजूला चुऱ्याचे जिवंत हाड झाले होते, मध्ये अदलाबदल चालू होती आणि सिमेंटलगतचे तुकडे अजून मृत होते. फेमिस्टर यांनी वर्णन केलेली क्रिया भाराखालीही चालू राहते, हे सिद्ध झाले.

एकच कृती, दोन निकाल

येथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण ही पद्धत इतर रुग्णालयांत गेली तेव्हा काही ठिकाणी निकाल वाईट आले. १९९७ मध्ये ब्रिस्टलच्या शल्यचिकित्सकांनी कळवले की त्यांच्या काही रुग्णांत दांडा सुरुवातीच्या काळातच एक सेंटिमीटरहून अधिक खचला. तेवढे खचले तर पाय आखूड होतो, सांधा अस्थिर होतो. दांडा तोच, हाडही माणसाचेच, मग फरक कोठे पडला?

प्रश्न जीवशास्त्राचा नव्हता. दांडा पहिल्या काही आठवड्यांत, महिन्यांत खचत होता आणि तोवर रक्तवाहिन्या फारशा शिरलेल्याही नसतात. त्या काळात हाडाचा चुरा म्हणजे नुसता एक दाणेदार पदार्थ असतो. आणि दाणेदार पदार्थ भाराखाली कसा वागतो, याचे एक जुने, पक्के शास्त्र आहे. ते वैद्यकाच्या नव्हे, स्थापत्य अभियांत्रिकीच्या पुस्तकात सापडते.

दबाईचे शास्त्र

हे शास्त्र आपल्या पायाखालीच आहे. बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुका बालाघाटच्या डोंगररांगेत वसला आहे. मांजरा नदीचा उगम याच तालुक्यातला. पाऊस बेभरवशाचा, म्हणून पाझर तलावांचे मातीचे बांध आणि खडी-मुरमाचे रस्ते ही कामे या भागाच्या परिचयाची. १९७२ च्या दुष्काळात तर मराठवाड्यातील हजारो हातांनी खडी फोडली. या कामांवर गेलेल्या कोणालाही विचारा, एकाच आकाराची खडी पसरून रस्ता होत नाही. चाक रुतते, खडी बाजूला सरकते. मोठ्या खडीवर बारीक खडी, तीवर मुरूम, मग बेताचे पाणी आणि रोलरची दबाई. तेव्हा कोठे रस्ता घट्ट होतो.

असे का? एकाच आकाराच्या खडीने भरलेल्या डब्यात सुमारे ४० टक्के जागा मोकळीच असते. मधल्या आकाराचे दाणे त्या मोकळ्या जागा भरतात, त्यांच्यातल्या फटी आणखी बारीक दाणे भरतात. प्रत्येक दाण्याला शेजाऱ्यांचे अधिकाधिक टेकू मिळतात आणि तो जागचा हलू शकत नाही.

याचे गणित मांडले ते शार्ल कूलोम यांनी. विद्युतप्रभारांच्या नियमात आपण ज्यांना कुलोम म्हणून शिकवतो, तेच हे. ते मुळात लष्करी अभियंते होते, आणि तटबंदीमागच्या मातीचा दाब हा त्यांच्या कामातला प्रश्न. १७७३ मध्ये त्यांनी मांडले की मातीचा एक थर दुसऱ्यावरून घसरू न देणारे बल दोन कारणांनी येते, एक कणांची आपसातील धरण आणि दुसरे घर्षण. यातले घर्षण दाबाबरोबर वाढते. म्हणजे दाणेदार पदार्थ जितका आवळावा तितका तो बळकट होतो. पाचरीसारखा दांडा चुऱ्याला आडवा दाब देतो याचे महत्त्व आता लक्षात येईल. सांध्यावर भार आला की दांडा चुरा आवळतो आणि आवळलेला चुरा दांड्याला अधिक भक्कम धरतो.

तिसरा मुद्दा पाण्याचा. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियातील धरण अभियंते राल्फ प्रॉक्टर यांनी दाखवले की ठराविक ओलाव्यालाच मातीची दबाई सर्वांत चांगली होते. ओलावा कमी पडला तर कण एकमेकांवरून नीट सरकून जवळ येत नाहीत. जास्त झाला तर धुमस मारली तरी ठोका पाण्यालाच बसतो, कणांना बसत नाही. पाणी दबत नाही आणि माती नुसती लिबलिबते.

१९९९ मध्ये एडिंबरोच्या शल्यचिकित्सकांनी माती आणि संरचना यांचा अभ्यास करणाऱ्या अभियंत्यांना बरोबर घेऊन हाडाच्या चुऱ्याची नेमकी अशीच परीक्षा प्रसिद्ध केली. या अभियंत्यांत गोपाल मदभूषी आणि असिफ उस्मानी ही आपल्या उपखंडातील नावेही आहेत. माती तपासतात तसाच त्यांनी चुरा पेटीत भरला, वरून दाब दिला आणि एक थर दुसऱ्यावरून सरकायला किती बल लागते ते मोजले. हाडाचा चुरा मातीच्याच नियमाने वागला. हाडे दळण्याच्या चक्कीतून बहुतेक दाणे एकसारख्या आकाराचे निघत होते; म्हणजे रस्त्यावर एकाच मापाची खडी पसरल्यासारखेच ते होते. वेगवेगळ्या आकारांचे दाणे प्रमाणात मिसळले की बळकटी वाढली.

आणि ओलाव्याच्या जागी येथे होती चरबी. सच्छिद्र हाडाच्या पोकळ्यांत मज्जा असते, तिच्यात भरपूर स्निग्धांश असतो. ठोकताना हा तेलकट द्रव दाण्यांमध्ये अडकतो, ठोक्याचा जोर खाऊन टाकतो आणि दाण्यांना एकमेकांत गुंतू देत नाही. २००३ मध्ये याच गटाने दाखवले की चुरा आधी धुऊन घेतला तर तो लक्षणीय बळकट होतो. त्याच वर्षी नायमेखेनच्या संशोधकांनी प्राण्यांवरील प्रयोगांत पाहिले की धुतलेल्या चुऱ्यात नवे हाडही अधिक चांगले शिरते. भार पेलणे आणि जीव धरणे यांतला जुना झगडा एका धुण्याने पुष्कळसा मिटला.

म्हणजे नायमेखेन आणि एक्सेटरच्या हातांना जे सवयीने जमत होते, त्यामागचा नियम आता सांगता येऊ लागला. नायमेखेनला वाटीसाठीचे तुकडे चक्कीत न दळता हाताच्या चिमट्याने ७ ते १० मिलिमीटरचे करत. मांडीच्या नळीत त्याहून लहान लागतात. तुकडे धुवावेत, थराथराने भरावेत आणि मनापासून ठोकावेत. एका गोष्टीचे भान मात्र हवे. हाडाची नळी आधीच पातळ झालेली असते, जोर अति झाला तर ती तडकते.

हाड येते कोठून?

खुबा पहिल्यांदा बदलताना रुग्णाच्या मांडीच्या हाडाचा माथा कापून काढावाच लागतो. एरवी तो रुग्णालयाच्या कचऱ्यात जाऊन जाळला जातो. तोच माथा दात्याच्या संमतीने जपून ठेवला तर दुसऱ्याच्या खुब्यात उपयोगी पडतो. हाडे जपून ठेवण्याची पेढी ही कल्पना १९४० च्या दशकातली. १९४२ मध्ये हवानाचे अल्बर्तो इंक्लान यांनी साठवलेल्या हाडांच्या वापरावर लिहिले, आणि १९४९ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने ऊतिपेढी काढली.

महाराष्ट्रात हे काम १९८८ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या ऊतिपेढीने सुरू केले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे त्यास साहाय्य होते. डॉ. अॅस्ट्रिड लोबो गाजीवाला यांनी ही पेढी वाढवली. अणुऊर्जेचा येथे काय संबंध, असे कोणी विचारील. टाटा स्मारक रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे, आणि वैद्यकीय वस्तू गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारे आयसोमेड हे केंद्र ट्रॉम्बे येथे १९७४ पासून उभे होते. पेढीत हाड स्वच्छ धुतात, गोठवून निर्वात अवस्थेत वाळवतात, बंद पाकिटात भरतात आणि मग पाकिटासकट त्याला २५ किलोग्रे एवढी गॅमा किरणांची मात्रा देतात. असे हाड साध्या तापमानालाही टिकते. ज्या देशात प्रत्येक रुग्णालयात उणे ८० अंशांचे शीतकपाट परवडत नाही, तेथे या गोष्टीचे मोल मोठे आहे. अर्थात किरणांवर सारे सोपवून चालत नाही. विषाणू जिवाणूंपेक्षा चिवट असतात, म्हणून दात्याच्या रक्ताची एच.आय.व्ही., कावीळ इत्यादींसाठीची तपासणी आधी झालीच पाहिजे.

वाळवून किरण दिलेले हाड ठिसूळ होते, ही त्यावरची नेहमीची तक्रार. ठोकळा म्हणून वापरायचा असेल तर ती खरीच आहे. पण २००४ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांना आढळले की ठोकून भरायच्या चुऱ्यासाठी हाच ठिसूळपणा पथ्यावर पडतो. दाणे ठोक्याखाली फुटतात, बारीक तुकडे फटी भरतात आणि थर अधिक घट्ट होतो. मुरूम रोलरखाली फुटून दबतो, तसेच हे.

२०११ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात दुरुस्ती होऊन ऊतींचाही समावेश झाला. हाडदान आता कायद्याच्या चौकटीत आहे. नेत्रदानाची माहिती शाळाशाळांत पोचली आहे. हाडदानाची अजून पोचायची आहे.

आज ही पद्धत कोठे आहे? सच्छिद्र टॅंटलम आणि टायटॅनियम धातूंचे सांधे निघाल्यापासून अनेक शल्यचिकित्सक त्यांकडे वळले आहेत. ते बसवायला वेळ कमी लागतो आणि दात्याचे हाड मिळवावे लागत नाही. परंतु धातू पोकळी भरतो, हाड परत देत नाही. नायमेखेनच्या रुग्णांचा २० वर्षांहून अधिक काळचा पाठपुरावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वाटीची पुनर्शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश सांधे २० वर्षांनंतरही पुन्हा बदलावे लागले नव्हते. ज्याला पुढे आणखी तीस-चाळीस वर्षे चालायचे आहे, अशा तरुण रुग्णासाठी ही पद्धत अजूनही विचारात घेतली जाते ती याचसाठी.

वर्गात करून पाहा

प्लास्टिकच्या तीन सारख्या बरण्या घ्या. पहिलीत एकाच आकाराची बारीक खडी, दुसरीत खडी, जाड वाळू आणि बारीक वाळू यांचे मिश्रण, तिसरीत तेच मिश्रण पण भरपूर गोडेतेल कालवून. प्रत्येक बरणीच्या मधोमध एक निमुळती लाकडी खुंटी उभी धरून तीन थरांत भरा आणि प्रत्येक थराला सारखेच, समजा ५०, ठोके द्या. आता खुंटीवर एकेक किलोची वजने चढवत जा आणि ती किती मिलिमीटर खचते याची नोंद करा. निकाल काय येईल याचा अंदाज विद्यार्थ्यांना आधी वहीत लिहू द्या; तुम्ही सांगू नका. पहिल्या बरणीसारखीच आणखी एक बरणी नुसत्या खडीने भरून तीत मोजून पाणी ओता, म्हणजे मोकळी जागा किती टक्के ते कळेल. खुंटी एकदा गुळगुळीत आणि एकदा खरखरीत घेऊन पाहिली तर एक्सेटरचा वादही वर्गात रंगेल.

प्रयोगानंतर मुलांना एकच प्रश्न विचारा. मातीवरचा कूलोम यांचा नियम १७७३ चा, प्रॉक्टर यांचा १९३३ चा, मग हाडाच्या चुऱ्याला तो लावून पाहायला १९९९ का उजाडावे लागले? हे ज्ञान पुस्तकांत होते आणि रस्त्यांवर, बांधांवरही होते; फक्त शस्त्रक्रियागृहात पोचले नव्हते. आपण विषयांचे तास वेगवेगळे करतो ते वेळापत्रकाच्या सोयीसाठी. दांडा खचताना मात्र तो जीवशास्त्राचा तास आहे की भौतिकशास्त्राचा, हे विचारत नाही.